संगणकाचे नाव आणि पत्ता

महाराष्ट्रात मुरुड नावाची निदान तीन गावे आहेत. एक जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले, समुद्रकाठचे. दुसरे दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. आणि तिसरे आमचे, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. इथे समुद्र तर सोडाच, वैशाखात विहिरीला चार हात पाणी राहिले तरी माणूस समाधान मानतो. पण परगावी कुणाला ‘मी मुरुडचा’ म्हणून सांगितले की समोरचा हमखास विचारतो, ‘वा! म्हणजे किल्ला रोजच दिसत असेल?’ काय उत्तर द्यावे? नाव एक, गावे तीन. यावर टपाल खात्याने जो उपाय शोधला तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी केली. ते संस्कृतचे कवीही होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. आकड्यांचे आणि काव्याचे वैर असते असे समजणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. या सहा आकड्यांपैकी पहिले तीन पत्र कोणत्या टापूत जायचे ते सांगतात आणि शेवटचे तीन त्या टापूतले टपाल कार्यालय. आमच्या मुरुडचा आकडा ४१३ ने सुरू होतो, जंजिऱ्याच्या मुरुडचा ४०२ ने. नाव माणसासाठी, आकडा यंत्रणेसाठी.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाविषयी, पण गोष्ट हीच आहे. एका खोलीत चार-दहा संगणक तारेने किंवा बिनतारी जोडले की प्रत्येकाला दोन गोष्टी लागतात, एक नाव आणि एक पत्ता. नाव आपल्या लक्षात राहावे म्हणून, आणि पत्ता संगणकांनी एकमेकांना निरोप धाडावे म्हणून. या दोहोंत काही घोटाळा झाला की जी गंमत होते, ती पाहणाऱ्याला गंमत वाटते. ज्याचे काम अडते त्याच्या डोळ्यांत पाणी येते. मी हे अनुभवाने सांगतो.

आमच्यासारख्या लहान गावच्या महाविद्यालयांत लिनक्स या प्रणालीवर चालणारे संगणक पुष्कळ दिसतात. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हिचा पाया घातला. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही निमूटपणे चालते, एवढी दोन कारणे आमच्या अंदाजपत्रकाला पुरेशी असतात. आमच्या प्रयोगशाळेत असे बारा संगणक. त्यांतल्या एकाला छपाईयंत्र जोडलेले. त्याचे नाव आम्ही ‘मुख्य’ ठेवले होते, रोमन अक्षरांत अर्थात. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. बाकीच्या अकरांवरून कुणी काही छापायला सांगितले की तो निरोप ‘मुख्य’कडे जाई आणि कागद बाहेर येई. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले.

मग एक दिवस छपाई मधूनच होईनाशी झाली. अगदी बंद पडली असती तर बरे झाले असते. बंद पडलेल्या यंत्राला निदान धरता येते. इथे तसे नव्हते. एक कागद निघे, पुढचे तीन हरवत. पुन्हा पाठवावे, तर कधी निघे, कधी नाही. छपाईयंत्र बदलून पाहिले, तार बदलली, शाई बदलली. दिवस नेमके शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे. अर्ज भरायचा, त्याची प्रत छापायची, सही-शिक्का घेऊन मुदतीत जमा करायची. मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येत आणि दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहत. एक मुलगी लागोपाठ तीन दिवस आली. तिचे वडील तिच्याबरोबर पहिल्या दिवशी रोज बुडवून आले होते. दुसऱ्या दिवसापासून ती एकटी येऊ लागली. अर्जाला दोन दिवस उरले होते.

आणि खरा धागा सापडला तो तिलाच. मी खाली वाकून तारा तपासत होतो. ती म्हणाली, ‘सर, आपल्या ऑफिसातले भाऊसाहेब घरी गेले की छपाई चालती. सकाळी ते यायच्या आधी पण चालती. मी तीन दिवस बघतेय.’

तीन दिवस पायरीवर बसलेल्या माणसाला जे दिसते ते खोलीत बसलेल्या एम.ए.ला दिसत नाही. कार्यालयात महिन्याभरापूर्वी एक नवा संगणक बसवला होता. तो बसवताना नव्याने सारी जुळवाजुळव करण्याचा कंटाळा म्हणून आमच्या ‘मुख्य’च्या तबकडीची जशीच्या तशी नक्कल त्यात उतरवली होती. ही युक्ती सर्वत्र करतात आणि तिने वेळ खरोखरच वाचतो. पण नक्कल म्हणजे नक्कल. कार्यालयातल्या यंत्राचे नावही ‘मुख्य’ झाले आणि पत्ताही १९२.१६८.१.१०. भाऊसाहेब सकाळी अकराला ते सुरू करत आणि पाचला बंद करत. एका जाळ्यात दोन ‘मुख्य’.

आता हे घडते कसे ते नीट पाहू, कारण हे समजले की बाकीचे सोपे आहे. १९२.१६८.१.१० हा पत्ता आपण दिलेला, आपण बदलू शकतो. पण प्रत्येक यंत्राच्या जोडणीला कारखान्यातून आलेला एक वेगळा क्रमांकही असतो. दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्या. पत्ता घराचा, क्रमांक माणसाच्या अंगावरच्या जन्मखुणेसारखा. एका संगणकाला दुसऱ्याकडे निरोप धाडायचा असला की तो आधी साऱ्या जाळ्यात हाक मारतो, ‘१० क्रमांकाचे घर कुणाचे हो?’ ज्याचे असेल तो आपली जन्मखूण कळवतो, हाक मारणारा ती थोडा वेळ टिपून ठेवतो आणि निरोप तिकडे जातो. एकाच पत्त्याचे दोघे असले तर दोघेही ‘ओ’ देतात. ज्याचे उत्तर टिपले जाईल त्याच्याकडे निरोप जाणार. थोड्या वेळाने टिपण शिळे होते, पुन्हा हाक, आणि या वेळी कदाचित दुसराच टिपला जातो. म्हणून कधी छपाई होई आणि कधी नाही. यंत्रे आपापल्या परीने अगदी बरोबर वागत होती.

खात्री कशी केली, तेही सांगतो, कारण ही परीक्षा कुणालाही करता येईल. आम्ही ‘मुख्य’ संगणक चक्क बंद केला. मग तिसऱ्या संगणकावर बसून त्याच्या पत्त्यावर ‘पिंग’ ही आज्ञा दिली. पिंग म्हणजे नुसती हाक; पलीकडचा जागा असला तर उलट उत्तर येते. बंद यंत्राने उत्तर द्यायला नको. पहिल्या दोन-चार हाका वाया गेल्या, आणि मग खुशाल उत्तरे येऊ लागली! मेलेला माणूस दारातून ‘कोण आहे?’ म्हणून विचारू लागला तर जसे वाटेल तसे आम्हाला वाटले. हाका चालू ठेवून आम्ही सर्व तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीतून, म्हणजे स्विचमधून, एकेक तार काढत गेलो. जी काढल्यावर उत्तर थांबले ती तार भिंतीतून कार्यालयात जात होती. हीच गोष्ट तारा न उपसता, ‘आयपी नेबर’ ही आज्ञा देऊन टिपलेली जन्मखूण पाहूनही कळते. पण त्यासाठी प्रत्येक यंत्राची खूण आधी वहीत लिहिलेली हवी. आमच्या वहीत तेव्हा फक्त खरेदीच्या तारखा होत्या.

इथे एक फसगत होता होता वाचली, ती सांगायला हवी. मी प्रथम ही पिंगची परीक्षा कार्यालयातल्याच यंत्रावर बसून केली होती आणि ‘मुख्य’ला नावाने हाक मारली होती. उत्तर झटक्यात आले. मी म्हटले, सारे ठीक आहे! अहो, ते यंत्र स्वतःलाच ‘मुख्य’ समजत होते. स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची. म्हणून परीक्षा नेहमी तिसऱ्या यंत्रावरून करावी आणि आधी आकड्याने, मग नावाने करावी.

भाऊसाहेबांच्या यंत्रात छपाईची रांग उघडून पाहिली. तीन आठवडे हरवलेले सारे कागद तिथे ओळीने उभे होते. त्या यंत्राला छपाईयंत्र जोडलेलेच नव्हते, पण नकलेमुळे त्याची तशी समजूत होती. आमच्या मुरुडची पत्रे जंजिऱ्याच्या मुरुडात जाऊन पडावीत, तसे.

आता दुरुस्ती. नाव बदलणे वाटते तितके एका जागचे काम नाही. लिनक्समध्ये संगणकाचे नाव ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘होस्टनेम’ नावाच्या एका ओळीच्या फाइलीत असते. ‘होस्टनेमसीटीएल’ ही आज्ञा नुसती दिली की सध्याचे नाव दिसते. तिच्यापुढे ‘सेट-होस्टनेम’ आणि नवे नाव लिहिले की ते बदलते. आज्ञा देताना व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, म्हणजे आधी ‘सुडो’ लिहावे लागते. इथवर सारेच जण करतात आणि उठतात. पण त्याच फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाची दुसरी फाइल आहे. तिच्यात पुष्कळ यंत्रांवर १२७.०.१.१ या आकड्यापुढे संगणकाचे जुने नाव लिहिलेले असते. १२७ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे ‘मी स्वतः’. ती ओळ बदलायची राहिली तर पुढच्या वेळी सुडो म्हटले की यंत्र कुरकुरते, या नावाचा पत्ता मला सापडत नाही म्हणून. आणि काही ठिकाणी प्रत्येक आज्ञेला विनाकारण वेळ लावते. माणसे मग समजतात की यंत्र जुने झाले. जुनी झालेली असते ती ओळ.

ही ‘होस्ट्स’ फाइल मोठी ऐतिहासिक आहे बरे का. अमेरिकेत आर्पानेट हे पहिले मोठे जाळे होते, तेव्हा साऱ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि सर्वांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटून दिलेली व्यवस्था सुचवली. डीएनएस म्हणतात ती हीच. एक यादी सर्वांची, याऐवजी ज्याची नावे त्याने सांभाळायची. पण जुन्या यादीचे रोपटे प्रत्येक लिनक्स यंत्रात अजून आहे आणि सहसा यंत्र आधी ते पाहते, मगच बाहेर विचारते. त्यामुळे या फाइलीत कुणी कधीकाळी लिहून ठेवलेला चुकीचा पत्ता बाहेरच्या बरोबर पत्त्याला खुशाल हरवतो. आमच्या बारापैकी दोन यंत्रांत अशा शिळ्या ओळी निघाल्या. ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे नाव अशी आज्ञा दिली की यंत्र स्वतः त्या नावाचा काय पत्ता समजते ते दिसते. बाहेरचा डीएनएस काय म्हणतो ते ‘डिग’ सांगते. दोहोंची उत्तरे वेगळी आली की चोर घरातच आहे असे समजावे.

शिळ्या पत्त्याचा अनुभव आम्हा लातूरकरांना तरी नवा नाही. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात. जिल्हा बदलला तरी नातेवाइकांच्या वहीतला पत्ता लगेच बदलला असे थोडेच होते! आता उस्मानाबादचेच धाराशिव झाले आहे. एकाचे नाव तेच राहिले आणि जिल्हा बदलला. दुसरे जागच्या जागी राहून नाव बदलले. संगणकात हे दोन्ही प्रकार होतात, आणि दोन्ही वेळी दुसऱ्यांच्या वह्या दुरुस्त करण्याचे काम उरतेच.

पत्ता बदलायचा तर आधी ‘आयपी’, मग जागा सोडून ‘ए’, एवढीच आज्ञा द्यावी. सध्याचा पत्ता दिसेल. त्याच्यापुढे तिरपी रेघ आणि बहुधा २४ हा आकडा असतो. त्याचा अर्थ, पत्त्याच्या चारपैकी पहिले तीन आकडे जाळ्याचे आणि शेवटचा यंत्राचा. पिनकोडासारखेच म्हणा ना. पहिले तीन जुळत नसतील तर शेजारच्या टेबलावरचे यंत्रही परगावचे ठरते. पत्ता दोन प्रकारे मिळतो. एक, आपण हाताने कायमचा लिहून देतो. दोन, राउटर वाटतो. यंत्र सुरू होताच मागते आणि राउटर मोकळा असलेला पत्ता काही काळापुरता देतो. घोटाळा होतो तो दोन्ही पद्धती न विचारता मिसळल्या की. राउटर १०० ते २०० मधले पत्ते वाटत असेल आणि आपण हाताने १२० लिहून दिला, तर आज चालेल, महिनाभर चालेल, आणि ज्या दिवशी राउटर तोच १२० दुसऱ्याला देईल त्या दिवशी आमचीच कथा पुन्हा घडेल. हाताने द्यायचे पत्ते राउटरच्या वाटपाबाहेरचे असावेत. आम्ही कार्यालयाच्या यंत्राला २० दिला. ‘एनएमसीएलआय’ या आज्ञेने किंवा सेटिंगच्या खिडकीतून तो बदलता येतो. बदलल्यावर ती जोडणी एकदा बंद करून सुरू करावी लागते, नाहीतर यंत्र जुनाच पत्ता धरून बसते.

नकलेची आणखी एक खोड आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ‘ईटीसी’ फोल्डरात ‘मशीन-आयडी’ नावाची फाइल असते, तिच्यात यंत्राचा स्वतःचा असा लांबलचक क्रमांक. नकलेत तोही उतरतो. काही लिनक्स प्रणाली राउटरकडे पत्ता मागताना हाच क्रमांक ओळख म्हणून सांगतात. मग जन्मखूण वेगळी, नाव वेगळे, तरी राउटर म्हणतो, ‘तू तोच ना?’ आणि दोघांना एकच पत्ता देतो! नाव बदलूनही दुखणे जात नसेल तर इथे पाहावे. ती फाइल रिकामी करून यंत्र पुन्हा सुरू केले की नवा क्रमांक तयार होतो.

एकट्या संगणकाला बाहेरचे जाळे मिळत नसेल, तर पायरीपायरीने हाक मारावी. प्रथम १२७.०.०.१, म्हणजे स्वतःला. मग राउटरला, त्याचा पत्ता ‘आयपी आर’ या आज्ञेने ‘डिफॉल्ट’ शब्दापुढे दिसतो, आणि तो शब्दच नसेल तर यंत्राला गावाबाहेरचा रस्ताच ठाऊक नाही असे समजावे. मग बाहेरच्या एखाद्या आकड्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. आणि शेवटी नावाने. आकड्याला उत्तर येते आणि नावाला नाही, तर तार, राउटर, पत्ता सारे निर्दोष. दोष नाव विचारण्याच्या व्यवस्थेत. अशा वेळी लोक ‘रिझॉल्व्ह’ नावाची फाइल हाताने दुरुस्त करतात, काम चालू होते, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले की ती पुन्हा पूर्वीसारखी. कारण पुष्कळ यंत्रांवर ती फाइल आता दुसरीच यंत्रणा लिहिते. दुरुस्ती जोडणीच्या सेटिंगमध्ये करावी. आकडे अर्थात सारे रोमन लिपीत लिहायचे.

लिपीवरून आठवले. यंत्राचे नाव देवनागरीत का असू नये, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. पण यंत्राच्या नावात रोमन अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच ठेवावे; नावाचा एक भाग ६३ चिन्हांपर्यंत. जागा चालत नाही, आणि खालची रेघ, जी आमच्या मुलांना फार आवडते, तीही टाळावी. संकेतस्थळांना मात्र २०१४ पासून ‘भारत’ हे देवनागरी टोपणनाव मिळते आणि त्यात मराठी आहे. पण पडद्याआड यंत्र त्याचे रोमन अक्षरांतच रूपांतर करून घेते.

त्या मुलीचा अर्ज त्याच दिवशी दुपारी छापला गेला, आणि तिची बार्शीकडची गाडीही मिळाली. पुढे तिनेच एका मोठ्या कागदावर बाराही यंत्रांचा आणि कार्यालयाच्या यंत्राचा तक्ता केला. नाव, पत्ता, जन्मखूण, आणि पत्ता हाताने दिलेला की राउटरने. ‘मुख्य’ हे नाव आम्ही काढून टाकले आणि आसपासच्या गावांची नावे दिली. छपाईचे यंत्र औसा झाले, बाकीची निलंगा, उदगीर, चाकूर, रेणापूर अशी. भाऊसाहेबांनी स्वतःच्या यंत्रासाठी तेर मागून घेतले, तिथे त्यांची सासुरवाडी आहे. मुरुड हे नाव कुणालाच दिले नाही. तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे आणि नवे यंत्र आले की खाली एक ओळ वाढते.